चालू केलं की थेट दादा

माझ्या दादाच्या गळ्यावर शस्त्रक्रिया केली डॉक्टरांनी, पण भर लिलावात त्याची बोलती बंद केली ती डेस्कटॉपनं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमची वहिनी हीच हकिकत सांगते तेव्हा डेस्कटॉपचं नावसुद्धा घेत नाही, नुसतं माझं घेते. मी तापट आहे, कबूल. घरात मला लवंगी म्हणतात ते काही लाडानं नाही. पण जे माझं नाही ते मी अंगाला लावून घेणार नाही.

तर दादा लिलाव पुकारतो. जुन्या सामानाचं लिलावघर आहे, लांबलचक हॉल, वर पत्रा, समोर लाकडी चौथरा. कुणी घर बदललं, कुणाचे वडील गेले आणि त्यांच्या कपाटाला चारही मुलांच्या घरी जागा नाही, की ते सामान तिथे येतं. दर शनिवारी सकाळी लिलाव. पलंग, आरसे, शिवणयंत्रं, काय वाट्टेल ते. एकदा दातांच्या डॉक्टरची खुर्ची आली होती, ती दादानं एका न्हाव्याच्या गळ्यात मारली आणि न्हावी वर आभार मानून गेला.

आवाज म्हणजे काय होता! मागच्या दारानं बाहेर पडलेला माणूस पायरीवरून परत फिरायचा. आणि शब्दाला इतका पक्का की विचारू नका. त्या हॉलचा नियमच आहे, शब्द गेला की माल गेला. दादा ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हणाला आणि हातोडा पडला, की मग ब्रह्मदेव आला तरी सौदा फिरत नाही. ‘अहो, माझं लक्ष नव्हतं’ वगैरे घरी जाऊन बायकोला सांगायचं.

अशा माणसाच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज नाही वाचणार. वहिनी तिथेच रडायला लागली. मी डॉक्टरांवर ओरडले, जसं काही गाठ त्यांनीच ठेवली होती. मला रडू यायला हवं तेव्हा राग येतो, त्याला मी तरी काय करू? दादा मात्र घरी आला आणि दारात चपला काढताना एवढंच म्हणाला, “मग मी शनिवारी करू काय?”

त्या वाक्यानं माझं डोकं चालायला लागलं. मी एका दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. बिलं, रिपोर्ट, प्रिंटरात अडकलेले कागद, सगळं माझ्या गळ्यात. म्हटलं, आवाज जायच्या आत भरून घेऊ. शस्त्रक्रियेच्या आधी दादाला आमच्या अडगळीच्या खोलीत बसवला, चारी बाजूंनी गाद्या उभ्या केल्या, समोर माइक ठेवला आणि म्हटलं, पुकार. दादा बघत बसला. म्हणाला, “लवंगे, हवेला काय पुकारू? समोर माल पाहिजे.”

मग आणला माल. कुकर, इस्त्री, मोडकी सायकल, आमच्या ह्यांचे बूट. माल बघितल्यावर गडी असा सुटला की गाद्या थरथरल्या. सगळे आकडे घेतले, ‘पुढचा माल!’ घेतलं, ‘अहो, हात लावून बघा!’ घेतलं, कुणी कमी बोली लावली की तो तोंड वाकडं करून ‘एवढ्यात?’ म्हणायचा, तेही घेतलं. आणि ‘तीन वार!’ तर असं आलं की दाराबाहेर उभ्या असलेल्या आमच्या ह्यांनी घाबरून स्वतःच्याच बुटांवर बोली लावली. तीसुद्धा आत रेकॉर्ड झाली, नंतर कापावी लागली.

शस्त्रक्रिया चांगली झाली. दादा घरी आला, गळ्याशी एक भोक आणि त्यावर पांढरा रुमाल. तो नुसते ओठ हलवायचा आणि वहिनी ते वाचायची. म्हणजे स्वतःला सोयीचं तेवढंच वाचायची. दादा दोन मिनिटं ओठ हलवी आणि वहिनी सांगे, “ते म्हणतात, औषध घेतो.” दादा हात आपटी. पण बोलणार काय, कप्पाळ?

मी इकडे कार्यक्रम, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम, तयार केला. डब्याएवढा छोटासा कॉम्प्युटर, त्याला जोडलेला बोटानं दाबायचा पडदा, आणि एक दणदणीत स्पीकर. पडद्यावर भलीमोठी बटणं. दादानं आकडा दाबायचा, दादाच्याच आवाजात तो हॉलभर जायचा. हातोडा त्याचा त्याच्याच हातात. हे सगळं घेऊन आम्ही तिघं मालकांकडे गेलो.

लिलावघराचे मालक म्हणजे सज्जन माणूस, पण सज्जनपणा खर्च होऊ नये म्हणून जपून वापरणारा. त्यांनी दादाला खुर्ची दिली, पाणी दिलं, चौकशी केली. मग म्हणाले, “दादा, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण लिलाव म्हणजे शब्द. यंत्राचा शब्द मानणार कोण? उद्या एखादा म्हणेल, ती टेप वाजली, दादा कुठे काय म्हणाले? मग मी कुणाच्या तोंडाकडे बघू? त्यापेक्षा तुम्ही मागे गोदामात बसा. मालावर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. सावलीतलं काम आहे.”

दादाच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. ज्या माणसानं न्हाव्याला दाताची खुर्ची विकली त्यानं चिठ्ठ्या चिकटवायच्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही, पण त्याचा शेवट असा झाला की मालक म्हणाले, “बरं बाई, एक शनिवार देतो. लोकांनी मानलं तर तुमचं, नाही तर गोदाम.”

तो शनिवार. हॉल भरलेला. पुढच्या रांगेत नेहमीचे व्यापारी. एक टोपीवाला, जो टोपी कधी काढत नाही आणि बोली नेहमी इतकी कमी लावतो की मालालाच लाज वाटावी. त्याच्या शेजारी चष्मेवाल्या मावशी, जुन्या वस्तूंचं दुकान चालवणाऱ्या, बाजारात त्यांचा दरारा. सगळे दादासाठी आले होते. दादानं ठेवणीतला शर्ट घातला होता. त्यानं डब्याचं बटण दाबलं, आणि आमचे बारा वाजायला सुरुवात झाली.

आधी यंत्रानं स्वागताची धून वाजवली. टिंग टिंग टिडिंग. मग पासवर्ड मागितला. दादानं माझ्याकडे बघितलं, मी धावत जाऊन टाकला. मग पडदाभर वहिनीचा फोटो आला, कणीस खातानाचा, तो मीच कधीतरी गंमत म्हणून लावला होता. हॉलमध्ये खसखस पिकली. वहिनीनं मला जी नजर दिली ती अजून माझ्याकडे आहे. मग खालच्या कोपऱ्यात कुठेतरी आमचा कार्यक्रम, बारक्या चित्रात. दादाची बोटं जाड. त्यानं दाबलं तर कचऱ्याची टोपली उघडली.

कसाबसा कार्यक्रम लागला. पहिलं कपाट बरं गेलं. दुसऱ्या मालाला, ऐन रंगात आलेल्या बोलीत, पडद्याच्या मधोमध चौकट आली. नवी सुधारणा आली आहे, आत्ता करू की नंतर? दादानं ‘दोन वार’ दाबायला बोट नेलं ते पडलं ‘आत्ता’वर. झालं! यंत्र म्हणालं, कृपया बंद करू नका, आणि एक गोल फिरायला लागला. तो फिरतोय, दादा हातोडा घेऊन उभा, दोनशे डोळे त्याच्याकडे. टोपीवाला मागे वळून म्हणाला, “गोलाला कुणी बोली लावतंय का?”

लोक हसले. वाईट मनानं नाही हसले, पण दादा खाली उतरला, हातोडा टेबलावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हे मी जन्मात विसरणार नाही. उरलेला लिलाव मालकांनी स्वतः पुकारला, सर्दी झालेल्या कोंबड्यासारखा. तेवढं एक बरं झालं, कारण शेवटी चष्मेवाल्या मावशीच म्हणाल्या, “मालक, तुमच्यापेक्षा तो गोल परवडला. दादांना आणखी एक शनिवार द्या.” मालकांनी दिला. वर बजावलं, हा शेवटचा.

घरी येऊन मी त्या डब्याला जे बोलले ते डब्यानं ऐकून घेतलं. मग विचार केला. आपल्याला हवाय एकटा कार्यक्रम. हे बाकीचं सगळं, मेनू, चित्रं, घड्याळ, सूचना, टोपली, हा गोतावळा बोलावला कुणी? लग्नाला एका माणसाला बोलवावं आणि त्यानं अख्खी चाळ घेऊन यावं, तशातली गत. आणि दवाखान्यात मी रोज ज्या पाटीखालून जाते, पेशंटांचे नंबर दाखवणारी, ती वीज गेली की बंद पडते, वीज आली की थेट नंबर. ना धून, ना फोटो, ना पासवर्ड. तीसुद्धा असलाच डबा, मीच पुसते ना त्याची धूळ! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

तर मी डेस्कटॉपला, म्हणजे या सगळ्या गोतावळ्याला, रजा दिली. डब्याला सांगितलं, बाबा रे, जागा झालास की कुणालाही काही विचारू नकोस, पडद्यावर चित्र काढण्यापुरतं काय लागतं तेवढं उठव आणि थेट आमचा कार्यक्रम सुरू कर. बटण दाबलं. काळा पडदा, दोन-चार ओळी, आणि आला की! पण आला तो डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात, अंग चोरून, पोस्टाच्या तिकिटाएवढा. बाकी सगळा अंधार. दादानं खिशातून चष्मा काढला, पडद्याला नाक लावलं आणि माझ्याकडे बघितलं. ओठ हलवायची गरजच नव्हती.

त्याचं कारण असं, की खिडकी केवढी करायची, कुठे ठेवायची हे बघायला आत एक मुकादम असतो, विंडो मॅनेजर म्हणतात त्याला. मी गोतावळ्याबरोबर त्यालाही हाकलला होता. आता हुकूम देणारंच कुणी नाही म्हटल्यावर कार्यक्रम बिचारा कोपऱ्यात उभा. मग एक अगदी साधा, कमी बोलणारा मुकादम शोधून आणला. त्याला काम एकच, जो येईल त्याला अख्खा पडदा द्यायचा. बटणं ताटाएवढी झाली.

तर मधोमध काळी फुली. बाणाच्या जागी ती फुली येते, डेस्कटॉप नसला की. नेमकी ‘तीन वार’वर. वहिनी म्हणाली, “आत कोळी शिरलाय.” आणि केरसुणी आणायला गेली. फुली घालवली. मग जेवायला बसलो, परत आलो तर पडदा झोपलेला. त्याला सांगितलं, तू झोपायचं नाहीस, लिलावात कुणी झोपत नाही. मग मनात आलं, कार्यक्रमच कोलमडला तर? डेस्कटॉप असता तर निदान चित्रावर परत दाबता येतं, इथे मागे काहीच नाही, नुसता काळोख. म्हणून एक राखणदार बसवला, कार्यक्रम पडला रे पडला की लगेच उभा करायचा. मी दहादा मुद्दाम पाडून बघितला, दहादा उठला. दादाला हा खेळ इतका आवडला की अकराव्यांदा त्यानंच वायर उपटली. डबा पुन्हा चालू झाला आणि पेलाभर पाणी पिऊन होईपर्यंत बटणं समोर हजर. दादानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मला ठसका लागला.

राहिला आवाज. आता कोपऱ्यात ते स्पीकरचं चित्र नाही, मग आवाज चालू आहे की मुका, कळणार कसं? एकदा तर डबा मुकाच उठला आणि दादा दाबतोय दाबतोय, काही नाही. हा प्रश्न वहिनीनं काढला बरं का, आणि रास्त होता. मी म्हटलं, सोपं आहे, चालू झाला की त्यानं आपणहून एक हाक द्यायची. ऐकू आली की समजायचं, सगळं ठीक. कुठली हाक देऊ? मी दादाला विचारलं. दादानं क्षणाचाही विचार न करता ‘तीन वार’वर बोट ठेवलं. त्याची सगळ्यात लाडकी हाक, आणि स्पीकरची खरी परीक्षा तीच घेणार. मी म्हटलं, वा! वहिनी म्हणाली, वा! तीन माणसं लिलावात वाढलेली, आणि एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. त्या आठवड्यात आमच्या घरात उठता बसता ‘तीन वार!’ होत होतं, शेजारच्यांनी पलंग हवाय का म्हणून चौकशी केली.

दुसरा शनिवार उजाडला. आम्ही लवकर जाऊन, हॉल रिकामा असताना, सगळं लावून ठेवलं. डबा ‘तीन वार!’ म्हणाला, झाडूवाल्या बाईंनी टाळी वाजवली. मालक मागे हात बांधून फेऱ्या मारत होते. लोक आले. टोपीवाला आल्या आल्या म्हणाला, “आज गोल नाही का?” मी त्याच्याकडे असं बघितलं की तो टोपी नीट करून बसला.

आणि दादा सुटला! सुरुवातीला बोटं चाचपडली, पण तिसऱ्या मालापासून हात बसला. आकड्यावर आकडा, मध्येच ‘हात लावून बघा!’, टोपीवाल्यानं तोंड उघडलं की ‘एवढ्यात?’ बरोबर अशा वेळी की हॉल हसून लोटपोट. वेळ साधणं हे कुठलं यंत्र शिकवत नाही, ते दादाचंच होतं. पलंग गेला, शिवणयंत्र गेलं, एक आरसा तर दोन भावांमध्ये भांडण लागून तिप्पट किमतीला गेला. मालकांनी मागचे हात सोडले. वहिनी माझ्या शेजारी खांबाला टेकून उभी होती, तिनं हळूच माझा हात धरला. कणसाची माफी मिळाली असं मी समजले.

मग आला दिवा. पितळेचा, माणूसभर उंच, वर हिरव्या काचेची छत्री. एका मोठ्या घरातून आलेला. मालकांचा जीव त्या दिव्यात अडकला होता. त्यांनी तो स्वतः घासूनपुसून लखलखीत केला होता आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत होते, या एका दिव्यावर महिना निघेल. दादानं ‘पुढचा माल!’ दाबलं, दिवा चौथऱ्यावर आला, हॉलमध्ये ‘अहा’ झालं. टोपीवाल्यानं रिवाजाप्रमाणे पहिली बोली लावली. इतकी कमी की त्यात दिव्याची वायरसुद्धा आली नसती. दादानं ‘एवढ्यात?’ दाबलं, सगळे हसले.

चष्मेवाल्या मावशींनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला. हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे, मावशी चष्मा पुसायला लागल्या की मोठी बोली येणार. मालकांचे डोळे चमकले. आणि तेवढ्यात टोपीवाला म्हणाला, “पण पेटतो का?”

मालकांना ते लागलं. “पेटतो का म्हणजे? आत्ता दाखवतो!” म्हणून ते तरातरा चौथऱ्यावर चढले, दिव्याची वायर उचलली, भिंतीकडे गेले. तिथे प्लग लावायला जागा नाही. मग त्यांनी समोर जो प्लग दिसला तो उपटला आणि दिव्याचा लावला.

तो आमचा प्लग होता. मी खांबापासून ओरडले, “मालक, तो नको!” पण दिवा पेटला होता आणि काय पेटला होता! हिरवा उजेड सगळ्या हॉलभर पसरला, लोक माना उंच करून बघायला लागले, माझं कोण ऐकतो. मालक छाती काढून उभे. दादा काळ्या पडद्यावर बोट दाबतोय, परत दाबतोय. त्यानं तोंड उघडलं. त्यातून काही आलं नाही. त्यानं मालकांची बाही धरून ओढली, पडद्याकडे बोट दाखवलं.

“अरेच्चा!” मालक म्हणाले, आणि त्यांनी दिव्याचा प्लग काढून आमचा परत लावला. दिवा विझला. डबा जागा व्हायला लागला. मी मनात म्हणत होते, ऊठ बाळा, लवकर ऊठ, लाज राख. आणि उठला की लेकाचा! ना धून, ना पासवर्ड, ना कणीस. काळा पडदा, दोन ओळी, आणि लख्ख बटणं. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं, आता काय होणार आहे ते.

“तीन वार!”

असा दणदणीत गेला की पत्रा वाजला. आणि दादाचा हात! तीस वर्षांची सवय त्या हाताला, ‘तीन वार’ कानावर पडलं की खाली यायची. तो दादाला विचारायला थांबला नाही. हातोडा ठाण्णकन टेबलावर पडला. दिवा टोपीवाल्याला गेला, वायरीच्याही कमी किमतीत.

सगळ्यात आधी टोपीवाल्यालाच घाम फुटला. जन्मात पहिल्यांदा त्याची पहिली बोली लागली होती. मग भान येऊन तो उठला, चौथऱ्यावर गेला आणि दिव्याला मिठी मारून उभा राहिला, न जाणो कुणी काढून घेईल म्हणून.

मालकांचा चेहरा लालबुंद. “थांबा! हे धरायचं नाही! कुणी बटण दाबलं नाही, ते आपोआप वाजलं, मी स्वतः बघितलं. यंत्र बोललं, दादा नाही बोलले!” आणि मग, काय बोलून गेलो हे कळून, त्यांचा आवाज बदलला. ते दादाकडे वळले. “दादा, तुम्हीच सांगा. नुसती मान हलवा. तुम्ही नाही ना म्हणालात?”

मालक खोटं बोलत नव्हते. दादानं मान हलवली असती तर दिवा परत आला असता, मालक खूश झाले असते, आणि त्या दिवसापासून त्या डब्यातला आवाज दादाचा नाही असं ठरलं असतं. मग गोदाम आणि चिठ्ठ्या. नाही हलवली तर मालकांचा महिना बुडाला, आणि मालक कशाला ठेवतील असल्या माणसाला? मी बोलायला निघाले, की चूक त्या हाकेची आहे, मी काढून टाकते, पण वहिनीनं मला असा चिमटा काढला की शब्द जागीच राहिला.

दादानं पडद्याकडे बघितलं नाही. त्यानं हातोडा उचलला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला, आणि दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. मी, असं त्यानं ओठांनी म्हटलं. हे वाचायला वहिनी लागली नाही.

“अहो पण...” मालक हतबल झाले. त्यांना आता एकच आधार दिसला. “मावशी! तुम्ही बोलणार होता. तुम्ही चष्मा पुसत होता, सगळ्यांनी पाहिलं. तुमचं नुकसान झालंय. तुम्ही सांगा, हा काय लिलाव झाला?”

सगळा हॉल मावशींकडे बघायला लागला. मावशींनी चष्मा डोळ्यांवर चढवला, दिव्याकडे पाहिलं, त्याला बिलगलेल्या टोपीवाल्याकडे पाहिलं आणि एक सुस्कारा सोडला.

“मला हवा होता,” त्या म्हणाल्या. “फार हवा होता. आणि ह्या मेल्याच्या हातात बघून माझा तिळपापड होतोय. पण दादा तीन वार म्हणाले. संपलं.”

“दादा नाही हो, ते यंत्र...”

“मालक,” मावशी म्हणाल्या, “मी त्या आवाजाला आयुष्यभर पैसे मोजत आले. कोण बोललं ते मला शिकवू नका.”

मागून कुणीतरी ‘बरोबर आहे’ म्हणालं. मग आणखी कुणी. ज्यांचा दिव्याशी काही संबंध नाही असे, पलंगवाला, ते दोन भांडकुदळ भाऊ, सगळे. “दादा बोलले ना? मग झालं.” “शब्द गेला, माल गेला.” मालक मध्येच उभे, एकदा त्यांच्याकडे बघतात, एकदा दिव्याकडे. हिशेबी माणूस खरा, पण या हॉलमध्ये लोक कशासाठी येतात हे न कळण्याइतका बावळट नाही. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, टोपीवाल्याला म्हणाले, “घेऊन जा बाबा, माझ्या डोळ्यांसमोरून ने.” मग खुर्ची ओढून बसले.

मग म्हणाले, “घ्या दादा, पुढचा माल पुकारा.”

पुकारा म्हणाले. दाबा नाही म्हणाले, चालू करा नाही म्हणाले. माझ्या कानांनी ऐकलं मी. मला ओरडावंसं वाटलं, पण राग सापडेचना, आणि मी लहान मुलीसारखं भोकाड पसरलं. लोक वळून बघायला लागले, बघू देत.

तिकडे दादा बोट पुढे करून उभा होता. बटण ताटाएवढं, पण त्याला ते दिसत नव्हतं. डोळे नुसते वाहत होते. वहिनी मदतीला जायला निघाली, तिला मी घट्ट धरून ठेवलं. हॉल थांबला होता, कुणी चुळबुळसुद्धा केली नाही. दादानं बाहीनं डोळे पुसले, मग पडदाही पुसला, आणि आपल्या बोटानं पुकारलं.